ऑनलाइन वर्गातला थकवा: ही चर्चा २०२० च्या आधीची आहे

मुले पडद्यासमोर बसतात, पण लक्ष लागत नाही, दोन तासांत दमून जातात, ही तक्रार आपल्याकडे टाळेबंदीत घराघरांतून ऐकू आली. शिक्षक समोर नसताना मुलाला धड्यात गुंतवून कसे ठेवायचे, हा प्रश्न मात्र खूप जुना आहे. त्याची बरीच उत्तरेही आधीच सापडलेली होती. म्हणूनच २०२० मध्ये ती कुणी फारशी उघडून पाहिली नाहीत याची हळहळ वाटते.

१९३७ च्या सप्टेंबरात शिकागोमध्ये पोलिओची साथ आली आणि शाळा उघडायला सुमारे तीन आठवडे उशीर झाला. तेव्हा शहरातल्या सहा रेडिओ केंद्रांनी आपला वेळ दिला, वर्तमानपत्रांनी पाठांचे वेळापत्रक छापले आणि तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांची शाळा रेडिओवर भरली. प्रत्येक पाठ १५ मिनिटांचा ठेवला होता. पालकांच्या शंकांसाठी शिक्षक फोनवर बसवले, तर पहिल्याच दिवशी हजाराहून जास्त फोन आले. पाठ फार भरभर पुढे जातो, मध्येच थांबवून विचारता येत नाही, अशा तेव्हाच्या अडचणी वाचताना आपल्याच घरातले बोलणे आठवते.

ऑस्ट्रेलियात १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज इथे ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली. शेकडो किलोमीटर दूरच्या गुराखी वस्त्यांवरची मुले बिनतारी संचावर धडे ऐकू लागली. सुरुवातीला शिक्षक बोलायचे आणि मुले फक्त ऐकायची. लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यात आली, कारण नुसत्या ऐकण्यावर शाळा चालत नाही हे शिक्षकांच्या ध्यानात आले.

याच्या पुढचे पाऊल पडले ते निकाराग्वात, आणि मला ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. १९७४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या प्राथमिक शाळांसाठी रेडिओवरून गणित शिकवायला घेतले. ध्वनिमुद्रणातच जागोजागी मोकळी जागा सोडलेली असायची. रेडिओ प्रश्न विचारायचा आणि काही सेकंद गप्प बसायचा. वर्गातली मुले मोठ्याने उत्तर द्यायची किंवा वहीत लिहायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा आणि पुढे जायचा. एका पाठात असे कितीतरी वेळा. पाठ साधारण अर्ध्या तासाचा, आणि तो संपला की पुढचा सराव वर्गातले शिक्षक करून घ्यायचे. मुलांची गणितातली प्रगती स्पष्ट दिसली आणि ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. रेडिओला मुलांचे काहीच ऐकू येत नव्हते, तरी मूल गुंतत होते, कारण त्याच्या वाट्याला सतत काहीतरी करायचे काम येत होते.

इंटरनेट आल्यावर हीच गोष्ट आकड्यांत मांडता आली. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या एका प्रयोगात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे व्याख्यान चार तुकड्यांत दाखवले. प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचे मन भरकटल्याचे प्रमाण १९ टक्के होते, तर चाचणी न दिलेल्यांत ४१ टक्के. पुढच्या वर्षी ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी तो साधारणपणे सहा मिनिटांहून जास्त पाहत नव्हते. हे सारे स्वतःहून नाव नोंदवलेले, बहुतेक मोठ्या वयाचे लोक. चौथीतल्या मुलाकडून पाऊण तास सलग बसण्याची अपेक्षा ठेवताना हा आकडा समोर असायला हवा होता.

पण २०२० मध्ये कुणालाच सवड मिळाली नाही. अनेक शाळांनी आपले नेहमीचे वेळापत्रक उचलून जसेच्या तसे पडद्यावर ठेवले: तासिकेमागून तासिका, आधी हजेरी, मग “आवाज येतोय का?”मध्ये गेलेली पाच मिनिटे. जुलैमध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे अशी मर्यादा घातली. महाराष्ट्राने जूनमध्ये पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्गच ठेवले नव्हते. जुलैत ते सुरू केले, पण त्यात पालकांशी बोलायला आणि मुलांच्या उपक्रमांना वेळ राखून ठेवला. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शाळेच्या मुलांसाठीची शैक्षणिक मालिका आली. ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तिथे टीव्हीचा आधार मोठा होता.

थकवा नेमका कशामुळे येतो, याची नीट मांडणी फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी केली. प्रत्यक्ष वर्गात मुले फळ्याकडे, वहीकडे, शेजाऱ्याकडे पाहतात. पडद्यावर मात्र सगळे चेहरे सतत आपल्याकडेच बघत असतात, तेही अगदी जवळून. आपला स्वतःचा चेहरा तासन्‌तास आरशासारखा समोर राहतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचे म्हणून हालचाल बंद होते. शिवाय एरवी नकळत कळणाऱ्या मानेच्या हालचाली आणि हातवारे मुद्दाम ओळखावे लागतात आणि मुद्दाम करून दाखवावे लागतात. त्यानंतर दहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत बायकांना हा थकवा पुरुषांपेक्षा जास्त जाणवत असल्याचे दिसले.

कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती यातूनच वादात सापडली. कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा कॅमेरा बंद ठेवण्याची कारणे निघाली ती आपण कसे दिसतो याची काळजी, मागे दिसणारे घर आणि घरची माणसे, आणि कमजोर इंटरनेट. एका खोलीत पाचजण राहणाऱ्या घरातल्या मुलीला ‘कॅमेरा लाव’ म्हणताना आपण तिच्याकडे काय मागतो आहोत, हे शिक्षकांनी समजून घ्यायला हवे. तिचे लक्ष आहे की नाही हे चॅटमधल्या एका ओळीच्या उत्तरातून, मतदानाच्या बटणावरून किंवा माइक सुरू करून सांगितलेल्या एका वाक्यातूनही कळते.

दिल्लीत हिवाळ्यात हवा बिघडली की अजूनही वर्ग ऑनलाइन होतात. नोव्हेंबर २०२४ मध्येही झाले. अशा दिवसासाठी वेगळे, आखूड वेळापत्रक शाळेने आधीच तयार ठेवायला हवे. आदेश रात्री येतो आणि सकाळी लिंक पाठवायची असते; तेव्हा हाताशी असते तेच वेळापत्रक वापरले जाते.