फोन नको, फक्त इंटरनेट हवं: दोन तारांवरचा जुना हिशेब

ब्रिटनमध्ये २०१६च्या शरद ऋतूपर्यंत ब्रॉडबँडच्या जाहिरातीत दोन आकडे असत. एक ठळक, महिन्याला काही पौंडांचा. दुसरा खाली बारीक अक्षरांत, 'लाइन रेंटल' नावाचा. त्या वर्षी बीटी (ब्रिटिश टेलिकॉम) या तिथल्या सर्वात मोठ्या टेलिफोन कंपनीचं लाइन रेंटल, म्हणजे फोन लाइनचं मासिक भाडं, महिन्याला १८.९९ पौंडांवर गेलं होतं आणि कित्येक योजनांत इंटरनेटच्या जाहीर दरापेक्षा हे भाडंच जास्त भरत होतं. ज्यांच्या घरी फोनचं यंत्रसुद्धा नव्हतं, तेही ते भरत होते. ३१ ऑक्टोबर २०१६पासून तिथल्या जाहिरात नियामकाने सगळे आकार एकत्र करून एकच दर दाखवायला लावलं. बारीक अक्षरं गेली. भाडं मात्र त्या एका आकड्यात जाऊन बसलं.

आपल्याकडेही तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड घेणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. आधी लँडलाइन, मग तिच्यावर इंटरनेट. म्हणून मुळात विचारायला हवं ते हे: इंटरनेटला फोनची गरज असते का?

विज्ञानाच्या बाजूने उत्तर स्पष्ट आहे. नसते.

एक्स्चेंजपासून घरापर्यंत येते ती तांब्याच्या दोन तारांची पिळलेली जोडी. बोलण्यासाठी या जोडीचा फार थोडा भाग वापरला जातो, ३०० ते ३,४०० हर्ट्झ. एवढ्या पट्ट्यात माणसाचा आवाज ओळखू येण्याइतका नीट पोचतो. तार मात्र याच्या कितीतरी वरच्या कंपनसंख्या वाहून नेऊ शकते. फोनच्या तारेवरून इंटरनेट देणारं एडीएसएल हे तंत्रज्ञान साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं. त्याची पुढची रूपं आणखी वर जातात: एडीएसएल २ प्लस दुप्पट, आणि व्हीडीएसएल २ बऱ्याच ठिकाणी १७ मेगाहर्ट्झपर्यंत. एकाच अँटेनावर आकाशवाणीची वेगवेगळी केंद्रं वेगवेगळ्या ठिकाणी लागावीत, तसंच हे आहे. एक केंद्र बंद पडलं म्हणून दुसरं बंद पडत नाही.

एडीएसएलमधला 'ए' म्हणजे असमान वेग, आणि त्यामागचा विचार फार सुंदर आहे. एका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या शेजारी शेजारी असतात आणि एकीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. एक्स्चेंजच्या टोकाला हा त्रास सर्वात जास्त, कारण दुरून दमून आलेल्या क्षीण सिग्नलच्या शेजारीच नुकते निघालेले दणदणीत सिग्नल असतात. बेलकोर या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेकलायडर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं, की दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडा. घरातून एक्स्चेंजकडे जाणारा पट्टा अरुंद ठेवा, घराकडे येणारा रुंद करा, म्हणजे हा झिरपा खूप कमी होईल. घरातला माणूस पाठवतो थोडं आणि मागवतो जास्त, त्यामुळे गैरसोयही नाही. पुढे स्टॅनफर्डच्या जॉन चॉफी यांनी हा पट्टा शेकडो बारीक उपपट्ट्यांत विभागून प्रत्येकावर झेपेल तेवढीच माहिती लादण्याची पद्धत व्यवहारात आणली.

आवाज आणि इंटरनेट वेगळे आहेत हे पाहायचं असेल तर जुना स्प्लिटर उघडून बघावा. पांढरी काडेपेटीएवढी डबी, 'लाइन', 'फोन' आणि 'मोडेम' अशी तीन तोंडं. आत तारेची वेटोळी आणि दोन-चार कपॅसिटर. वेटोळी फोनकडे जाणाऱ्या वाटेवर उच्च कंपनसंख्या अडवतात. ही डबी नसेल तर रिसीव्हरमध्ये सूं आवाज येतो आणि घंटी वाजली की इंटरनेट तुटतं, कारण घंटीसाठी ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रवाह तारेवर येतो. फोनच नसेल तर डबीही नको. लाइन सरळ मोडेमला लावा, चालते.

मग भाडं कशाचं? तारेचं. खोदकाम, खांब, रस्त्याकडेच्या जोडणीच्या पेट्या, पावसात सडणारे जॉइंट, हे सगळं कोणीतरी सांभाळतं आणि त्याचे पैसे लागतात. हा खर्च खरा आहे. लँडलाइन काढली की बिल निम्मं होईल, ही अपेक्षा म्हणूनच बहुतेक ठिकाणी फोल ठरते. अन्याय होता तो वेगळा: त्याच भाड्यात कॉल जोडणाऱ्या यंत्रणेचा, नंबरचा, कॉलच्या हिशेबाचा खर्चही घातला जाई आणि तो नाकारण्याची सोय नसे.

फोनशिवाय नुसतं इंटरनेट देण्यात तांत्रिक अडचणी अगदीच नव्हत्या असं नाही. त्यातली एक मला फार आवडते. एक्स्चेंजमधून फोनच्या तारेवर ४८ ते ५० व्होल्टचा दाब कायम असतो आणि फोन उचलला की प्रवाह वाहतो. वाटेत डझनभर जॉइंट असतात. तांब्यावर हळूहळू ऑक्साइडचा थर चढतो. वाहता प्रवाह तो थर भेदत राहतो. फोनची सेवा काढून टाकली की तार 'कोरडी' पडते, जॉइंट खराब होतात, आणि मोडेमचा वेग कारण न कळता ढासळतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी यंत्रणेतून मुद्दाम बारीकसा प्रवाह सोडतात. दुसरी अडचण माणसांची. मोकळी जोडी शोधताना लाइनमन तारेला टेस्ट फोन लावून डायल टोन ऐकतो. टोन नाही म्हणजे जोडी रिकामी, असं समजून कोणाचं तरी चालू इंटरनेट तोडलं जाण्याचा धोका असतो. वर, कंपन्यांच्या नोंदी टेलिफोन नंबरावर बेतलेल्या. नंबर नसलेल्या लाइनला ओळखायचं कसं, हेही नव्याने ठरवावं लागलं.

उलट, फोन गेल्यामुळे तारेचा फायदाही होऊ शकतो. जर्मनीत डॉइच टेलिकॉमने फोन इंटरनेटवरून द्यायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या फोनसाठी राखलेला खालचा पट्टा मोकळा झाला आणि तो अपलोडला देता आला. एडीएसएल २ प्लसवर सुमारे १ एमबीपीएस असलेला अपलोड अडीचच्या आसपास गेला. तार तीच.

म्हणजे अडसर होता तो धोरणाचा. अमेरिकेत तो हटला विलीनीकरणांच्या निमित्ताने. २००५मध्ये मोठ्या टेलिफोन कंपन्यांच्या विलीनीकरणांना परवानगी देताना फोनशिवाय डीएसएल, म्हणजे तारेवरचं नुसतं इंटरनेट, देण्याची अट आली. डिसेंबर २००६मध्ये एटीअँडटी आणि बेलसाउथ एकत्र आल्या, तेव्हा फोनशिवायचं ७६८ केबीपीएसचं कनेक्शन महिना १९.९५ डॉलरला देण्याचं वचन एटीअँडटीला द्यावं लागलं. ब्रिटनला वेळ लागला. तिथे ज्यांच्याकडे फक्त लँडलाइन होती, बहुतेक वृद्ध, त्यांच्याकडून जास्तच पैसे घेतले जात आहेत असं नियामक ऑफकॉमला आढळलं आणि एप्रिल २०१८पासून बीटीने त्यांचं भाडं १८.९९वरून ११.९९ पौंडांवर आणलं. तिथल्या तारांचं जाळं सांभाळणाऱ्या ओपनरीच या बीटीच्या कंपनीने फोनशिवायची ब्रॉडबँड लाइन विकायला काढली आणि ५ सप्टेंबर २०२३पासून देशभर जुन्या पद्धतीची नवी फोन लाइन देणंच थांबवलं. आता ३१ जानेवारी २०२७पर्यंत तिथलं जुनं टेलिफोन जाळं पूर्ण बंद व्हायचं आहे.

भारतात एक संधी २००४मध्ये हुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या घराघरांत पोचलेल्या तारा इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, अशी शिफारस ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने त्या वर्षी केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ती सक्ती आली नाही. आपसांत व्यापारी करार करा, एवढंच म्हटलं गेलं. फोनशिवाय इंटरनेट आपल्या शहरांत आणलं ते गच्चीवरून गच्चीवर वायर टाकणाऱ्या केबलवाल्याने. त्याच्याकडे फोन नव्हताच, त्यामुळे तो गळ्यात मारण्याचा प्रश्नच आला नाही.

फायबरवर तर सगळं उलटं झालं. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, आवाजासाठी वेगळी वाट नसते. एका कॉलमध्ये सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. इंटरनेटवर पाठवताना त्यावर लागणाऱ्या पत्त्यांसारख्या जादा माहितीचा बोजा धरून नव्वदच्या आत. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनचा हा हजारावा हिस्साही नाही. २०१९मध्ये जिओफायबरने देशांतर्गत कॉल मोफत दिले ते या गणितामुळे परवडले. आजच्या फायबर योजनेत 'लँडलाइन मोफत' दिसली तर त्यात फसवणूक नाही. यंत्र लावलं नाही तरी चालतं.

पण एक गोष्ट खरोखर जाते आणि तिच्याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. तांब्याचा फोन घरच्या विजेवर चालत नव्हता. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या आणि जनरेटर त्याला वीज पुरवत, म्हणून भारनियमनात गाव अंधारात असताना फोन लागे. फायबरवरचा फोन घरची वीज गेली की मुका होतो. ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक, बहुतेक वयस्कर, गळ्यात अडकवलेल्या बटणाने मदत बोलावणारी यंत्रणा वापरतात आणि तिच्यातली बरीच उपकरणं जुन्या लाइनवर बेतलेली आहेत. लाइन बदलताना काही जणांची उपकरणं निकामी झाल्याचे गंभीर प्रकार घडले. त्यानंतर डिसेंबर २०२३मध्ये कंपन्यांनी सक्तीचे बदल थांबवले. जाळं बंद करण्याची मुदत २०२५च्या अखेरीवरून २०२७वर गेली त्यामागेही हेच मोठं कारण. ज्यांना मोबाइलचा आधार नाही, त्यांना वीज गेल्यावर निदान तासभर आपत्कालीन कॉल करता यावा, असं ऑफकॉमचं म्हणणं आहे. मला तो तास अपुरा वाटतो. एखाद्या वादळात वीज रात्रभर येत नाही, आणि पडलेलं माणूस सकाळपर्यंत थांबू शकत नाही.

घरात असं कोणी असेल, अलार्म किंवा लिफ्टचा फोन लँडलाइनवर असेल, तर लाइन काढण्याआधी ते उपकरण इंटरनेटवर किंवा सिमवर चालतं का, हे उपकरण देणाऱ्याकडून लेखी घ्या. राउटर आणि फायबरची डबी दोन्ही चालतील असा छोटा यूपीएस मिळतो, तो जरूर घ्या. मात्र केबलवाल्याचा स्विच शेजारच्या इमारतीच्या जिन्यात असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर घरच्या यूपीएसचा उपयोग नाही. हे त्यालाच विचारावं लागेल.

राहिला नंबर. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी जुनी लाइन आधी बंद करू नये. लाइन चालू असतानाच नंबर नव्या इंटरनेट-फोन सेवेकडे न्यायला सांगावं, आणि नंबर हलताना त्याच लाइनवरचं ब्रॉडबँडही तुटणार का, हे आधी विचारून क्रम ठरवावा. भारतात पोर्टेबिलिटी मोबाइलपुरतीच आहे. लँडलाइन सोडली की नंबर सुटला, तेव्हा बँक, गॅस एजन्सी आणि दवाखान्याच्या नोंदींतला नंबर बदलून झाल्यावरच अर्ज द्यावा.