लाइट गेले तरी डाव शाबूत : सेव्ह स्टेटची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात १९९० च्या दशकात ज्याच्या घरी टीव्ही गेम, त्याच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांचा राबता असे. कॉन्ट्राची सहावी स्टेज लागायची आणि लाइट जायचे. परत आले की पुन्हा पहिल्या स्टेजचं जंगल. मध्य प्रदेशात विजेची दशा पुढे इतकी बिकट झाली की २००३ ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ यावरच लढली गेली. ज्या यंत्राला काहीच लक्षात राहत नाही, त्यावर असा शहरातला पोरगा खेळाचा शेवट कसा पाहणार? एम्युलेटर म्हणजे जुने टीव्ही गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम. त्यातल्या सेव्ह स्टेटला, म्हणजे कुठल्याही क्षणी डाव जसाच्या तसा जपून ठेवायच्या सोयीला, ‘चीटिंग’ म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं.

हे खेळ मुळात इतके कठीण का? पहिलं कारण जागेचं. सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, अमेरिकी कॉन्ट्रा १२८ मध्ये. वाट न चुकता खेळलं तर असा खेळ तासाभरात संपतो. तो महिनोन्महिने पुरवायचा तर मरायला लावणं हाच स्वस्त उपाय होता. दुसरं कारण आर्केडचं: तिथे मेलं की नवं नाणं, आणि ती सवय घरच्या खेळांतही उतरली. तिसरं कारण अमेरिकेतलं. तिथे कॅसेटी भाड्याने मिळत, आणि शनिवार-रविवारात संपणारा खेळ विकत कोण घेणार? एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. निंजा गायडन ३ जपानात हवे तितके कंटिन्यू (लाइफ संपल्यावर पुन्हा खेळायची संधी) देतो, अमेरिकेत पाचच. कॉन्ट्रा हार्ड कोअर (१९९४) जपानात तीन फटके सोसू देतो, अमेरिकेत एका गोळीत लाइफ जाते. याउलट १९९१ चा बॅटलटोड्स जपानात नेताना सोपा केला गेला.

डाव जपून ठेवायची सोय तेव्हाही होती, पण महाग. झेल्डा हा खेळ १९८६ मध्ये जपानात डिस्कवर आला, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत कॅसेटच्या आत बटण-सेल घेऊन. मेट्रॉइडने सेल वाचवून २४ अक्षरांचा पासवर्ड दिला. एक अक्षर चुकीचं उतरवलं की सगळं वाया. आपल्याकडच्या नकली कॅसेटींनी तिसराच मार्ग काढला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खेळ मोजकेच असत, मेनूमध्ये तेच पुन्हा पुन्हा येत. पण त्यातल्या काही नोंदी खेळ पुढच्या स्टेजपासून किंवा जादा लाइफ देऊन सुरू करत, कारण मेनूचा प्रोग्राम मेमरीतले एक-दोन बाइट आधीच बदलून ठेवायचा. अर्ध्या वाटेवरून खेळू देण्याची ही युक्ती सेव्ह स्टेटची लांबची नातेवाईकच.

खरी पूर्वज मात्र घरगुती संगणकांवर सापडते. झेडएक्स स्पेक्ट्रमला (त्याची परवानाधारक भारतीय आवृत्ती १९८६ मध्ये आली) मागून मल्टिफेस नावाचा डबा लावता येई. त्याचं लाल बटण दाबलं की प्रोसेसर जागच्या जागी थांबे आणि ४८ किलोबाइट मेमरी जशीच्या तशी टेपवर उतरे. १९९७ मध्ये आलेल्या नेस्टिकल या एम्युलेटरने हीच सोय एका कळीवर आणली, आणि टीव्ही गेमवर वाढलेली पिढी तिथेच पहिल्यांदा अवघड स्टेज ‘सेव्ह’ करू लागली. एम्युलेटरला हे सोपं जातं, कारण त्याच्या लेखी सगळा कन्सोल (इथे निन्टेन्डोचं एनईएस, आपला टीव्ही गेम ज्याची नक्कल होता) म्हणजे काही आकडे: प्रोसेसरची रजिस्टरं (त्याच्या आतल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागा), २ किलोबाइट कामाची मेमरी, २ किलोबाइट चित्राची, २५६ बाइट स्प्राइटांची (हलणाऱ्या चित्रांची), ३२ बाइट रंगांची, शिवाय आवाजाची आणि कॅसेटमधल्या चिपची त्या क्षणाची स्थिती. खेळाचा प्रोग्राम स्टेटमध्ये नसतो. सुपर निन्टेन्डो या पुढच्या पिढीच्या कन्सोलचा हाच हिशेब २५६ किलोबाइटच्या वर जातो, म्हणून त्याची फाइल मोठी.

२००३ मध्ये मोरिमोतो या टोपणनावाच्या जपानी खेळाडूचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ अकरा मिनिटांत संपवणारा व्हिडिओ पसरला. अनेकांना तो एका दमात खेळलेला वाटला. तो सेव्ह स्टेटने, चुकलेला तुकडा पुन्हा पुन्हा खेळून जोडलेला होता. त्यावरून वाद झाला, पण त्यातूनच टूल-असिस्टेड स्पीडरन (अशा साधनांच्या मदतीने कमीत कमी वेळात खेळ संपवणं) ही वेगळी, उघडपणे सांगून केलेली कला रुजली. पुढे कंपन्यांनीही ही सोय आपलीशी केली. २०१५ च्या रेअर रिप्ले संचात बॅटलटोड्सला रिवाइंड (खेळ मागे नेण्याची सोय) मिळालं, आणि २०१६ च्या एनईएस क्लासिक या कन्सोलने ३० खेळांना डाव ठेवायला प्रत्येकी चार जागा दिल्या.

आता वापराचं. निंजा गायडनमध्ये ६-४ च्या, म्हणजे सहाव्या टप्प्याच्या चौथ्या भागातल्या, बॉसशी (मोठ्या शत्रूशी) हरलं की ६-१ ला परत पाठवतात. तिथे सेव्ह स्टेट बॉसला हरवून देत नाही, फक्त पुन्हा चालत यायची पायपीट वाचवते. हा तिचा उत्तम वापर. दर तीन पावलांवर सेव्ह केलं तर खेळ संपतो, पण हात काहीच शिकत नाही. त्यापेक्षा तीन जागा ठरवून घ्याव्यात: १ मध्ये स्टेजची सुरुवात, २ मध्ये बॉसचं दार, ३ सरावासाठी. बॅटलटोड्सचा टर्बो टनेल हा अवघड टप्पा जागा १ वरून सलग दोनदा पार झाला की मगच पुढे जावं.

रेट्रोआर्च या वेगवेगळे एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये एफ२ ने सेव्ह, एफ४ ने लोड, एफ६ आणि एफ७ ने जागा बदलते. इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या साध्या यूएसबी पॅडवर हॉटकी एनेबल (शॉर्टकट चालू करणारं बटण) सिलेक्टला द्यावी, मग सिलेक्ट धरून उजव्या खांद्याच्या बटणाने सेव्ह आणि डाव्याने लोड. हे केलं नाही तर ऐन उडीत लोड दाबलं जातं. उडी चुकल्यावर, खड्ड्यात पडताना सेव्ह झालं तर ती जागा कायमची मरणाची. ‘अनडू सेव्ह स्टेट’ लगेच वापरलं तरच मागची स्टेट परत मिळते. बॉस दर वेळी तंतोतंत तसाच वागत असेल तर तो एम्युलेटरचा दोष नव्हे. बऱ्याच खेळांचं नशीब फ्रेमच्या (पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांच्या) मोजणीवर चालतं, त्यामुळे लोड करून तीच बटणं त्याच क्षणी दाबली की निकालही तोच. सेकंदभर थांबून मग हलावं.

सगळ्यात मोठं नुकसान सेल असलेल्या खेळांत होतं. स्टेट लोड केली की तिच्यातली जुनी सेल-मेमरीही परत येते आणि खेळाच्या आत केलेला नवा सेव्ह पुसला जातो. सेटिंगमध्ये हे रोखायचा पर्याय आहे, तो चालू करावा. लाइट जाण्याचा प्रश्न अजूनही सुटलेला नाही: ऑटो सेव्ह स्टेट खेळ बंद करताना लिहिली जाते, वायर सुटल्यावर नाही. सेव्हरॅमचा (म्हणजे सेल-मेमरीचा) ऑटोसेव्ह १० सेकंदांवर ठेवावा आणि स्टेज संपली की हाताने एफ२ दाबावं. कोअर (रेट्रोआर्चमधला त्या त्या कन्सोलचा एम्युलेटर) बदलला किंवा अपडेट झाला तर जुनी स्टेट उघडेलच याची खात्री नाही, म्हणून महत्त्वाच्या टप्प्यावर पासवर्ड किंवा खेळातला सेव्हही ठेवावा.

इथे वाढलेल्यांना एम्युलेटरवर तोच खेळ जास्त कठीण वाटतो, आणि हा भ्रम नव्हे. आपल्या ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेल्या क्लोनवर (नकली टीव्ही गेमवर) सेकंदाला ६० फ्रेमचा खेळ ५० ने, म्हणजे सुमारे १७ टक्के मंद चालायचा. संगीतही तसंच रेंगाळायचं. एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया कोअरमध्ये रीजन ‘डेंडी’ (अशा ५० हर्ट्झच्या क्लोनसाठीचा पर्याय) केला की तो वेग परत मिळतो. रीजन बदलल्यावर खेळ पहिल्यापासून सुरू करून स्टेट नवी घ्यावी, ६० वर घेतलेली त्यात लोड करू नये.