फिजिक्समध्ये स्पेशलायझेशन कुठलं घ्यायचं?

डिग्रीच्या शेवटी शेवटी स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली की बऱ्याच जणांच्या डोक्यात दोनच नावं असतात, अ‍ॅस्ट्रो नाहीतर पार्टिकल, कारण ब्लॅक होल आणि हिग्ज बोसॉन नावाच्या कणाबद्दल आधीपासून ऐकलेलं असतं. विषय भारीच आहेत, वाद नाही. पण माझं म्हणणं एवढंच की नुसत्या नावावर जाऊ नका, त्यात दिवसभर काय करावं लागतं ते आधी बघा.

ग्रॅव्हिटेशनल वेव्हजचंच, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या लहरींचंच घ्या. 2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगो डिटेक्टरने त्या पहिल्यांदा पकडल्या तेव्हा त्याच्या 4 किलोमीटरच्या आर्मच्या (लेझर ज्यातून जातो त्या लांब नळीच्या) लांबीत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता, मग तिथे बरेच जण वर्षानुवर्षं काय करत होते, तर आरसे, लेझर, व्हॅक्यूम आणि डेटातला नॉइज उपसणं. ऑप्टिक्स आणि कोडिंगचा कंटाळा असेल तर अशा कामात जीव रमत नाही.

आणि कंडेन्स्ड मॅटरला, म्हणजे घन-द्रव पदार्थांच्या फिजिक्सला, लोक उगाच रुक्ष समजतात. 1911 मध्ये कामरलिंग ओनेसच्या लॅबमध्ये पारा साधारण 4.2 केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा रेझिस्टन्स एकदम गायबच झाला, यालाच सुपरकंडक्टिव्हिटी म्हणतात. असं का होतं हे नीट कळायला 1957 उजाडलं, बार्डीन, कूपर आणि श्रिफरने ते सांगितलं. पुढे 1963 मध्ये अँडरसनने दाखवलं की सुपरकंडक्टरमध्ये फोटॉन, म्हणजे एरवी मास नसलेला प्रकाशाचा कण, मास असल्यासारखा वागतो आणि तसंच काहीतरी पार्टिकल फिजिक्समध्येही होऊ शकतं, 1964 मध्ये हिग्ज आणि इतरांनी ते रिलेटिव्हिटीत बसवलं, आणि 2012 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेला त्यातूनच येणारा हिग्ज बोसॉन सापडला. ज्या 27 किलोमीटरच्या मशीनमध्ये सापडला त्याचे मुख्य मॅग्नेटसुद्धा सुपरकंडक्टिंग, 1.9 केल्विनवर चालणारे! त्यामुळे एक ब्रांच घेतली म्हणजे बाकीची दारं बंद झाली असं अजिबात नाही.

कामाचा पोत मात्र खूप वेगळा असतो. लो टेम्परेचर लॅबमध्ये सॅम्पल क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवणाऱ्या भांड्यात) ठेवून तापमान उतरायची तासनतास वाट बघायची, आणि तेवढ्यात एका वायरचा सोल्डर सुटला की सगळं परत गरम करून पहिल्यापासून सुरुवात. थिअरीत तेच चार पानांच्या गणितातल्या एका मायनस साइनपायी होतं. यातली कुठली चिकाटी आपल्यात आहे ते छोटा प्रोजेक्ट केल्याशिवाय कळत नाही. आणि सीनियर्सना विषय कसा आहे असं विचारू नका, मागच्या आठवड्यात रोज नेमकं काय केलं ते विचारा.