क्रॉसबोला परवाना नाही, बंदुकीला आहे: इंग्लंड-वेल्समधले नियम, पात्रता आणि कागदपत्रं

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर नेमबाजीचा नाद लागलेल्यांचा हमखास प्रश्न असतो: बंदुकीला सर्टिफिकेट लागतं, मग क्रॉसबोला, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याला, काय लागतं? 1987 च्या क्रॉसबो कायद्यात परवान्याची तरतूदच नाही. अट आहे ती वयाची. 18 वर्षांखालच्या व्यक्तीला क्रॉसबो विकणं गुन्हा आहे, आणि अशा मुलाने तो हाताळायचा तर सोबत 21 वर्षांची किंवा त्याहून मोठी व्यक्ती हवी. 1.4 किलोपेक्षा कमी ताणाच्या खेळण्यांना हा कायदा लागू नाही.

1968 चा फायरआर्म्स अ‍ॅक्ट आधी नळी बघतो. हत्याराच्या नळीतून गोळी किंवा छर्रा सुटत असेल आणि नळीच्या तोंडाशी त्याची ऊर्जा 1 ज्यूलहून जास्त असेल, तर ते फायरआर्म. क्रॉसबोला नळीच नाही, म्हणून तो यातून सुटतो. त्यामुळे 12 फूट-पौंडांपेक्षा (हेही ऊर्जेचंच माप) जास्त ताकदीच्या एअर रायफलला सर्टिफिकेट लागतं, आणि दीडशे पौंड ताणाचा, हरिण आडवं पाडू शकणारा क्रॉसबो मात्र कागदाविना घरी येतो. (हरणावर तो चालवायचा नाही हं. 1981 च्या वन्यजीव कायद्याने क्रॉसबोने शिकार करायला बंदी आहे.) मला ही विभागणी अजबच वाटते. 2021 च्या नाताळात विंडसरच्या राजवाड्याच्या आवारात एक तरुण भरलेला क्रॉसबो घेऊन शिरला, तेव्हापासून सरकारलाही तसं वाटू लागलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये गृहखात्याने परवाना असावा का यावर मतं मागवली. म्हणून विकत घेण्याआधी नियम बदललेत का ते बघाच. शिवाय, सबळ कारणाशिवाय तो रस्त्यावरून मिरवलात तर पोलीस धरतील.

बंदुकीसाठी अर्ज आपल्या भागाच्या पोलिसांकडे करायचा. रायफलला फायरआर्म सर्टिफिकेट, शॉटगनला वेगळं. दोन्ही पाच वर्षं चालतात. शॉटगन म्हणजे किमान 24 इंच नळीची, आतून गुळगुळीत, आणि मॅगझिन (काडतुसं भरायचा कप्पा) असलंच तर त्यात दोनपेक्षा जास्त काडतुसं न मावणारी. पिस्तुलाचा विचार सोडा, डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर 1997 मध्ये बहुतेक पिस्तुलांवर बंदी आली.

अर्जासोबत फोटो, डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म आणि फी. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या फायरआर्म सर्टिफिकेटची फी 198 पौंड झाली. डॉक्टरांचे पैसे वेगळे. नैराश्यावर उपचार घेतले असतील तर लिहा, लपवू नका. वेगात गाडी चालवल्याची शिक्षाही लिहायची. तीन वर्षं किंवा अधिक कैद झालेल्याला बंदूक बाळगायला कायमची बंदी आहे.

नव्याने आलेले मराठी लोक बहुतेक इथे अडतात: फायरआर्म सर्टिफिकेटसाठी दोन हमीदार लागतात, दोघं ब्रिटनमध्ये राहणारे आणि तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारे. नात्यातलं कुणी चालत नाही, पोलीसही नाही. पुण्याहून येऊन सहा महिने झालेल्याने घाई करू नये.

रायफल कशासाठी हवी, हे प्रत्येक रायफलमागे सांगावं लागतं. क्लबचं सभासदत्व हे चांगलं कारण. मग अधिकारी घरी येऊन पोलादी कपाट बघतात, किल्ली कुठे असते तेही विचारतात. ‘स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, बायकोला माहीत आहे’ हे उत्तर देऊ नका. सर्टिफिकेट ज्याच्या नावावर, किल्लीचा ठावठिकाणा त्यालाच माहीत असला पाहिजे.