साखर, रंग आणि आईची नजर

वाढदिवसाहून आलेलं पोर सोफ्यावरून उड्या मारतंय, कुणाला जुमानत नाही आणि जीभ केशरी झालीय. "साखर चढलीय त्याला," आई म्हणते. माझी बहीणही भाच्याबद्दल हेच म्हणायची, आणि मलाही ते पटायचं.

१९९४ साली अमेरिकेत हूवर आणि मिलिक या मानसशास्त्रज्ञांनी ५ ते ७ वर्षांच्या ३५ मुलग्यांवर एक प्रयोग केला. या मुलांना साखर सोसत नाही, असं त्यांच्या आया सांगत. काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीय. बाकीच्यांना सांगितलं, दिलेली नाही. खरं तर साखर कुणालाच दिली नव्हती, गोडी ॲस्पार्टेम या साखर नसलेल्या कृत्रिम पदार्थाची होती. तरीही 'साखर दिलीय' असं ऐकलेल्या आयांना आपलं मूल जास्त चळवळं वाटलं. मायलेकांच्या व्हिडिओत तर असं दिसलं, की या आया मुलाला जवळजवळ चिकटून होत्या, त्याच्यावर सतत नजर ठेवत होत्या आणि त्याला जास्त टोकत होत्या. यात आयांना दोष देण्यासारखं काही नाही, काळजी असली की नजर तशीच होते. पण ज्याला कुणी पावलोपावली टोकतंय, ते मूल शांत कसं राहील? पुढच्याच वर्षी २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यांतही साखरेचा वागण्यावर परिणाम दिसला नाही. दातांची गोष्ट वेगळी.

मग केशरी जीभ? तिच्याकडे मात्र नीट बघायला हवं. कृत्रिम रंगांवर बोट ठेवलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फाइनगोल्ड या ॲलर्जीतज्ज्ञानं, १९७०च्या दशकात. त्याचे दावे फार मोठे होते आणि ते बरेचसे टिकले नाहीत. पण २००७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठानं ३ वर्षांच्या १५३ आणि ८-९ वर्षांच्या १४४ मुलांना काही आठवडे फळांचं पेय दिलं. कधी त्यात रंग आणि पेय टिकावं म्हणून घालतात ते सोडियम बेंझोएट असायचं, कधी नसायचं. दिसायला आणि चवीला दोन्ही सारखंच. आज कोणतं आहे, हे आईवडिलांनाही माहीत नव्हतं. तरी रंगाच्या दिवसांत सरासरी चंचलता थोडी वाढली. वाढ लहान होती, सगळ्या मुलांत सारखीही नव्हती. हिस्टामाइनचा (ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाचा) निचरा करणाऱ्या जनुकांतल्या फरकामुळे काही मुलांवर जास्त परिणाम होत असावा, असं त्याच गटानं २०१०मध्ये दाखवलं. त्याच वर्षी युरोपात सहा रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या लक्षाबद्दलचा इशारा सक्तीचा झाला. आपल्याकडच्या जेली, गोळ्या, सरबतांच्या पाकिटावर १०२ (टार्ट्राझिन), ११० (सनसेट यलो), १२२ किंवा १२४ हे आकडे शोधा. हे रंग त्या सहांतलेच. गाड्यावरच्या बर्फाच्या गोळ्याला पाकीटच नसतं, तिथे काय आणि किती घातलंय ते कळायला मार्ग नाही.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. रक्तातली आयजीजी (एक प्रकारची प्रतिपिंडं) तपासून 'तुमच्या मुलाला काय सोसत नाही' याची लांबलचक यादी विकली जाते, आणि दूध, गहू, अंडी, शेंगदाणे एका झटक्यात बंद होतात. नेदरलँड्स-बेल्जियममधल्या १०० मुलांच्या २०११च्या अभ्यासात अगदी मोजक्या पदार्थांवर ठेवल्यावर बऱ्याच मुलांचं वागणं सुधारलं. पण आहार बदललाय हे आईवडिलांना ठाऊक होतं, म्हणजे पुन्हा नजरेचाच प्रश्न. आणि कोणता पदार्थ त्रास देईल, हे आयजीजीवरून ओळखता आलं नाही. वाढत्या मुलाचं जेवण अशा यादीवरून तोडू नका, कळकळीनं सांगते. उलट लोह तपासून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, आणि लोह कमी असलेलं मूलही किरकिरं आणि चंचल दिसतं.

अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप असेल तर घरी काहीही करून बघायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा. तसं नसेल आणि संशय रंगाचाच असेल, तर डॉक्टरांना विचारून रंगीत खाऊ दोन-तीन आठवडे थांबवता येतो. त्यानंतर पुन्हा देऊन बघायचं, पण आईला न कळता. फाइनगोल्डच्या काळातल्या संशोधकांनी रंग चॉकलेटच्या बिस्किटांत लपवला होता. घरी कोकोच्या दुधात लपतो. कोणत्या दिवशी रंग घातला ते बाबांनी किंवा आजीनं चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवायचं, आईनं रोज संध्याकाळी वहीत मुलाचं वागणं टिपायचं, आणि आठवडे सरल्यावर वही आणि चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचायच्या.