पार्श्वभूमी : पणजीत गाडी अडते तो शनिवार

फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला पत्रादेवीच्या सीमानाक्यावरून गोव्यात शिरलेल्या आपल्या महाराष्ट्रातल्या गाड्या कार्निव्हलच्या शनिवारी दुपारी पणजीत हमखास अडकतात. मांडवीकाठचा रस्ता बंद, पोलीस हात दाखवून भलतीकडे वळवतायत, मागच्या सीटवरची पोरं खिडकीतून अर्धी बाहेर आणि चालवणारा वैतागलेला. जाणकार मंडळी गाडी नदीपलीकडे बेतीला लावतात आणि फेरीबोटीने येतात. पायी माणसाला तिकीटही पडत नाही.

हा शनिवार दरवर्षी हलतो, कारण तो ईस्टरला बांधलेला आहे. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, ज्या दिवशी ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो, आणि त्याआधीचे चार दिवस कार्निव्हल. २०२५ साली तो १ ते ४ मार्चला होता, २०२६ साली १४ ते १७ फेब्रुवारीला. २०२७ मध्ये ६ ते ९ फेब्रुवारीला येतो. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा हा मोठ्या मिरवणुकांचा रूढ क्रम. शिगमो, म्हणजे गोव्यातली होळी, वेगळा, तो फाल्गुनातला. दोन्हींत चित्ररथ निघतात, म्हणून आपल्याकडे गल्लत होते.

मिरवणूक बघताना शेजारचा कोणीतरी सांगतोच, "पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलंय हे." सण त्या काळातला आहे हे खरं. समोरून जाणारा चित्ररथाचा ट्रक मात्र नाही.

गोव्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'कार्निव्हल'पेक्षा 'इंत्रूज' हा शब्द असतो. पोर्तुगीज 'एन्त्रुदो'वरून आलेला, आणि तो मूळ लॅटिनमधल्या प्रवेश या अर्थाच्या शब्दावरून. प्रवेश कशात, तर ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात. पुढे मांस वर्ज्य, लग्नं बंद, म्हणून त्याआधी काय ते खाऊन-पिऊन घ्यायचं. श्रावणाच्या तोंडावर गटारी करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

या इंत्रुजाला प्रेक्षक नव्हते, सगळेच खेळणारे. एकमेकांवर पाणी, पीठ आणि रंग उडवायचे. कागदाच्या लहानशा पुडीत पीठ किंवा भुसा भरून नेम धरून मारायचा, त्या पुडीला 'कोकोत' म्हणत. पाठीवर आपटली की कागद फुटायचा आणि चांगला कोट पांढराफटक व्हायचा. मुखवटे घालून ओळखीच्यांच्या घरी अचानक धडकायचं, तो 'असाल्त', म्हणजे शब्दशः हल्ला. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या वाड्यांवर घरासमोरच्या अंगणात 'खेळ' व्हायचे. रंगमंच नाही, पडदा नाही, स्त्रीपात्रं पुरुषांनीच करायची, एक ट्रम्पेट आणि ढोल. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, टर त्याच्याच अंगणात उडवली जाई. चांदरला या दिवसांत ख्रिस्ती पुरुष मुसळं आपटत नाचतात. चांदर ही कदंब या हिंदू राजघराण्याची जुनी राजधानी. लॅटिन नावाच्या सणात मुसळ कुठून आलं याचं उत्तर त्या गावातच दडलेलं आहे.

मग ट्रक कधी आले? १९६५ साली. इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक माहितीपत्रकं हे वर्ष एका ओळीत उरकतात : 'मुक्तीनंतर कार्निव्हलचं पुनरुज्जीवन झालं.'

गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. दोन वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, पहिलं लोकनियुक्त सरकार आलं आणि ते महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूचं होतं. विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर जनमत कौल झाला १६ जानेवारी १९६७ ला. या दोन तारखांच्या मधोमध, गोवा म्हणजे नेमकं काय यावर घराघरांत वाद चालू असताना, एका गोमंतकीय संगीतकाराच्या पुढाकाराने ब्राझीलमधल्या रिओच्या धर्तीवर चित्ररथांची मिरवणूक निघाली. पुढे पर्यटन खात्याने ती उचलली. बक्षिसं आली, प्रायोजक आले.

'पुनरुज्जीवन' हा शब्द मला खटकतो. जे मेलं होतं तेच उठवलं तर पुनरुज्जीवन. वाड्यांवरचे खेळ मेले नव्हते, आणि रस्त्यावरून चित्ररथ नेणं ही इंत्रुजाची रीत नव्हती. त्या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की मिरवणूक नसती तर हा सण कोपऱ्यात पडून राहिला असता, आज सगळ्या धर्मांचे लोक त्यात येतात ते तिच्यामुळेच. त्यात तथ्य आहे. पण त्याच दिवशी इंत्रूज 'खेळायचा' राहिला नाही, दोरीमागे उभं राहून बघायचा झाला.

गंमत अशी की रिओतही हेच घडलं होतं. तिथला कार्निव्हलही मुळात पोर्तुगीज एन्त्रुदोच, तसाच पाण्या-पिठाचा. १९ व्या शतकात अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी आणली आणि त्याच्या जागी सभ्य मिरवणुका आल्या. म्हणजे स्वतःकडे होतं त्याचंच धुऊन-पुसून काढलेलं रूप गोव्याने ब्राझीलकडून परत घेतलं. कार्निव्हलचा राजा, किंग मोमो, त्याच वाटेने आला. हा मूळचा थट्टेचा ग्रीक देव, १९३० च्या दशकात रिओत राजा झाला, आणि पणजीत तो कोकणीतून फर्मान काढतो : 'खा, पिये आनी मजा कर.' पणजीच्या बागेजवळ रात्री गाणी-नाच चालतात त्या जागेलाही ब्राझीलच्या नाचावरून 'सांबा स्क्वेअर' म्हणतात.

नंतरचे वाद याच निर्णयाच्या पोटातले. दारू-तंबाखूच्या जाहिराती मिरवणारे ट्रक, त्यांवरच्या नाचांवर महिला संघटनांचे आक्षेप, आणि या प्रकाराशी आमचा संबंध नाही असं चर्चने वेळोवेळी दिलेलं स्पष्टीकरण. मिरवणुकीचा मार्गही एकमताचा नाही. काही वर्षं ती गावातून उचलून मिरामार-दोनापावला रस्त्यावर नेली होती, नंतर पुन्हा मांडवीकाठी आली. आता स्पर्धेत 'पारंपरिक' असा वेगळा गट असतो. त्यात ट्रकवर झावळांची खोप उभारतात, फेणीची भट्टी मांडतात, माडावर चढणारा रेंदेर आणि पाव विकणारा पोदेर उभा करतात. हे खरोखर करणारे लोक अजून आहेत, फक्त ट्रकवर नाहीत.

रविवारी दक्षिणेकडे निघणाऱ्यांनी हायवे सोडून सासष्टीतल्या गावांतून गाडी घालावी. एखाद्या चर्चसमोर किंवा मोकळ्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या दिसल्या आणि ट्रम्पेट ऐकू आला, तर तिथे उभं राहायला कोणी हरकत घेत नाही. कोकणी थोडी सुटेल, पण टर कोणाची चाललीय ते कळतं.