माफी कायद्याची, क्षमा माणसाची: दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाची पार्श्वभूमी

१० फेब्रुवारी १९०८. जोहान्सबर्गमध्ये भारतीयांच्या नोंदणी कचेरीकडे निघालेल्या गांधीजींना मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी भर रस्त्यात बेशुद्ध होईपर्यंत मारले. ट्रान्सवाल सरकारचे मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड करून गांधींनी बोटांचे ठसे द्यायला मान्यता दिली, म्हणजे आपल्या लोकांचा विश्वासघात केला, असा हल्लेखोरांचा समज होता. शुद्धीवर येताच गांधींनी कळवले की यांच्यावर खटला नको, आणि ते सुटलेही. पण शहरातल्या गोऱ्या रहिवाशांनी सरकारी वकिलाकडे हरकत घेतली: मारहाण सार्वजनिक रस्त्यावर झाली आहे, हा गुन्हा एकट्या गांधींविरुद्धचा नाही. मीर आलम आणि त्याच्या एका साथीदाराला पुन्हा पकडून तीन-तीन महिन्यांची सक्तमजुरी देण्यात आली.

ज्याला मार बसला त्याने क्षमा केली, तर राज्याचे काम संपते का? आणि उलट, राज्याने माफी दिली तर ज्याचे माणूस गेले त्यानेही क्षमा केली असे धरायचे का? मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, ही आपली सोय आहे. माफी सरकार देते: कर्जाची, दंडाची, शिक्षेची. क्षमा माणूस करतो. दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये सत्य व सलोखा आयोगासाठी केलेल्या कायद्यातले खरे शहाणपण या फरकात आहे. आयोगाची कीर्ती जगभर झाली ती मात्र दोन्ही एकच समजून.

माफी मुळात आली ती वाटाघाटींच्या टेबलावरून. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला सुटले. तेव्हापासून एप्रिल १९९४ च्या निवडणुकीपर्यंत राजकीय हिंसाचारात सुमारे १४ हजार माणसे मेली, म्हणजे वाटाघाटी चालू असताना रक्त थांबले नव्हते. पोलिस आणि लष्कर जुन्याच, गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीच्या माणसांच्या हातात होते. निवडणुकीचा बंदोबस्त त्यांनीच करायचा होता आणि निकालानंतर तुरुंगात जायची भीतीही त्यांनाच होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांच्या पक्षाला सरसकट माफी हवी होती, मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ती मान्य नव्हती. १९९३ च्या हंगामी राज्यघटनेला अगदी शेवटी एक परिच्छेद जोडून मार्ग काढला गेला. सूडाऐवजी समजूत आणि बदल्याऐवजी भरपाई हवी, आणि त्याला आधार ‘उबुंटू’चा, असे त्यात म्हटले. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, असा त्या शब्दामागचा विचार. त्याच परिच्छेदात राजकीय हेतूने केलेल्या कृत्यांना माफी दिली जाईल, असे वचन होते. माफी कशी द्यायची ते मात्र पुढच्या संसदेवर सोडले.

ही मोकळी जागा फार मोलाची ठरली. अर्जेंटिनाने १९८३ मध्ये आणि चिलीने १९९० मध्ये सत्यशोधन आयोग नेमले होते, पण तिथे सत्य एका बाजूला आणि माफी दुसऱ्या बाजूला राहिली होती. चिलीत तर लष्कराने सत्ता सोडण्याआधीच स्वतःला माफी देऊन घेतली होती. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने परदेशातल्या आपल्याच छावण्यांत झालेल्या छळाची १९९२ आणि १९९३ मध्ये चौकशी करवली होती, आणि तिचे निष्कर्ष पक्षाला अडचणीचे होते. आमचे दोष उघडे होणार असतील तर सगळ्यांचेच होऊ द्या, या मागणीला त्यातून जोर आला. कायदेमंत्री दुल्ला ओमर यांनी मांडलेला ‘राष्ट्रीय ऐक्य व सलोखा कायदा, क्रमांक ३४’ जुलै १९९५ मध्ये मंजूर झाला. डिसेंबरमध्ये सतरा जणांचा आयोग बसला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू, उपाध्यक्ष अ‍ॅलेक्स बोरेन.

कायद्याने ठरवलेला काळ १ मार्च १९६० पासूनचा, म्हणजे ज्या महिन्यात शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ जणांना गोळ्या घातल्या त्या महिन्यापासूनचा. शेवटची तारीख आधी डिसेंबर १९९३ होती, नंतर ती १० मे १९९४ पर्यंत वाढवली. काम तीन समित्यांत वाटले होते: मानवी हक्कांच्या उल्लंघनाची, माफीची आणि भरपाईची.

माफीच्या अटी नीट वाचाव्यात. अर्जदाराने कोणते कृत्य, कधी, कुठे, कोणाविरुद्ध, कोणत्या संघटनेसाठी किंवा कोणाच्या हुकमाने केले, हे शपथेवर लिहून द्यायचे. कृत्य राजकीय हेतूने झालेले हवे आणि हेतूच्या मानाने अतोनात नको. कळीची अट पूर्ण उघडणीची: काही लपवले तर माफी नाही. हत्या, अपहरण, छळ अशा गंभीर कृत्यांची सुनावणी जाहीर, आणि पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला हजर राहून उलटतपासणीचा अधिकार. पश्चात्तापाची अट मात्र कुठेही नव्हती. ‘मला वाईट वाटते’ असे म्हणणे बंधनकारक नव्हते.

यावर आजही टीका होते, पण अट न घालणेच बरोबर होते. पश्चात्तापावर माफी अवलंबून ठेवली असती तर प्रत्येक जण रडून दाखवायला शिकला असता, आणि समोर बसलेल्या विधवेला खरे-खोटे ओळखणे अशक्य झाले असते. रवांडाने २००२ पासून गावोगावी चालवलेल्या ‘गचाचा’ न्यायसभांत कबुलीबरोबर जाहीर दिलगिरीही मागितली आणि त्या बदल्यात शिक्षा कमी केली. तिथे ठरावीक वाक्यांतली, पाठ केल्यासारखी दिलगिरी ही लोकांची कायमची तक्रार राहिली.

माफी मिळाली की फौजदारी जबाबदारी पुसली जाई, दिवाणीही. म्हणजे ज्याचा मुलगा मारला त्याला नुकसानभरपाईचा दावासुद्धा लावता येणार नव्हता, ना मारणाऱ्यावर ना सरकारवर. पोलिस कोठडीत मेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही जणांनी याला घटना न्यायालयात आव्हान दिले. जुलै १९९६ मध्ये न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांनी निकाल दिला: हे कलम वैध आहे, ते नसते तर हे स्थित्यंतरच घडले नसते. कुटुंबांचे दुःख त्या निकालात मोकळेपणाने मान्य केलेले आहे. व्यक्तींचा दावा काढून घेतला, म्हणजे भरपाईचे नैतिक ओझे राज्यावर आले. हा धागा पुढे महत्त्वाचा ठरतो.

पहिली सुनावणी १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडनच्या नगरभवनात झाली. दुसऱ्या दिवशी नोमोंडे कलाटा बोलत होत्या. १९८५ मध्ये पोलिसांकडून मारल्या गेलेल्या क्रॅडॉक गावच्या चार कार्यकर्त्यांपैकी फोर्ट कलाटा त्यांचे पती. बोलता बोलता त्यांनी मागे रेलून जो हंबरडा फोडला, तोच आयोगाच्या कामाचा आरंभ, असे अनेकांनी लिहून ठेवले आहे.

आदर म्हणजे नेमके काय, हे या सुनावण्यांच्या मांडणीत दिसते. साक्षीदार येताच आयुक्त उठून उभे राहत. न्यायालयासारखा उंच चौथरा नसे. साक्षीदाराच्या शेजारी घरचे माणूस बसे, आणि सोबत प्रशिक्षित मदतनीस, जो आदल्या दिवसापासून धीर देई आणि नंतरही भेटे. समोर पाणी आणि रुमाल. साक्ष आपापल्या भाषेत. तेव्हा अकरा अधिकृत भाषांचा देश, त्यामुळे दुभाषे काचेच्या खोलीतून बोलत आणि सभागृहाने कानाला यंत्र लावलेले. दुभाषे ‘तो म्हणतो’ असे म्हणत नसत. छळणारा आणि छळलेला, दोघांच्याही वतीने ‘मी’ म्हणूनच बोलत. दिवसभर असे ‘मी’ झाल्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि त्याची तजवीज आधी कोणी केलेली नव्हती. रेडिओवर थेट प्रक्षेपण होई. ज्या खेड्यांत वर्तमानपत्र पोचत नव्हते तिथे आयोग पोचला तो रेडिओमुळे.

सुमारे २१ हजार जबान्या नोंदवल्या गेल्या, त्यांतल्या दोनेक हजार जाहीर सुनावणीत ऐकल्या गेल्या. जबानी देणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त बायका होत्या. पण त्या मुलाचे सांगत, नवऱ्याचे सांगत, स्वतःवर काय ओढवले ते सांगतच नसत. हे लक्षात आल्यावर बायकांसाठी वेगळ्या सुनावण्या झाल्या आणि जबानीच्या छापील नमुन्यात सूचना घातली: तुमचे स्वतःचे सांगायला विसरू नका. एका ओळीचा बदल, पण वर्षभर उशिरा आला.

क्षमा झाली का? काही ठिकाणी झाली, आणि ती सक्तीने घेतलेली नव्हती. बिशो येथे १९९२ मध्ये वर्णभेदी राजवटीने उभ्या केलेल्या सिस्काय या प्रदेशाच्या लष्कराने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या मोर्चावर गोळीबार केला होता. त्याच्या सुनावणीत आधी एका माजी सेनाधिकाऱ्याच्या कोरड्या उत्तरांनी सभागृह खवळले. मग कर्नल होर्स्ट शोबेस्बर्गर लोकांकडे वळून म्हणाले की हुकूम आम्ही दिला होता, शक्य असेल तर क्षमा करा, आणि या सैनिकांना परत आपल्यात घ्या. ज्यांची माणसे गेली होती त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. केपटाऊनजवळच्या गुगुलेथूत १९८६ मध्ये पोलिसांकडून मारल्या गेलेल्या सात तरुणांपैकी क्रिस्तोफर पीट यांच्या आई सिंथिया न्गेवू यांनी मुलाच्या मृत्यूत सामील असलेल्या पोलिस थापेलो म्बेलोला क्षमा केली. त्या मातांच्या संतापाचा सगळा भार त्याला आधी सोसावा लागला होता. उलट, पोलिसांनी मारलेले कार्यकर्ते सिझ्वे कोंडिले यांच्या आई चॅरिटी कोंडिले यांनी माजी पोलिस अधिकारी डर्क कूट्सियाला क्षमा करायला नकार दिला. मंडेला आणि टूटू यांना क्षमा करणे सोपे आहे, त्यांच्या आयुष्याचे चीज झाले, माझ्या आयुष्यात काय बदलले, असा त्यांचा प्रश्न होता. हा नकारही आयोगाच्या नोंदीत जसाच्या तसा राहिला, आणि तो राहणे क्षमेइतकेच आवश्यक होते. नाही म्हणण्याची मुभा नसेल तर होकाराला अर्थ उरत नाही.

माफीसाठी ७,११२ अर्ज आले आणि माफी मिळाली ती अवघी ८४९ जणांना. अर्जदारांत मोठा भरणा साध्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या कैद्यांचा होता, ज्यांना राजकीय हेतू सिद्ध करता आला नाही. बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूला जबाबदार पोलिसांना आणि कम्युनिस्ट नेते ख्रिस हानी यांच्या मारेकऱ्यांना १९९९ मध्ये माफी नाकारली गेली. पक्षांच्या बाबतीत मात्र हात सैल सुटला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ३७ नेत्यांना नेमके कृत्य न सांगताच एकगठ्ठा माफी दिली गेली, ती १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली.

ही यंत्रणा चालण्यासाठी मागे खटल्याची भीती हवी. पोलिसांच्या व्लाकप्लास या मारेकरी पथकाचा प्रमुख यूजीन डी कॉक याला १९९६ मध्ये दोन जन्मठेपा आणि वर २१२ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा पोलिस अर्ज घेऊन रांगेत आले. त्याच वर्षी माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मालन आणि त्यांचे सहकारी निर्दोष सुटले, आणि लष्करातून फारसे कोणी फिरकलेच नाही. कागदपत्रांचीही तीच गत: १९९३ मध्ये गुप्तचर खात्याने सुमारे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म भट्टीत घातले होते. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा समन्स बजावूनही आले नाहीत.

सगळ्यात मोठी चूक वेळापत्रकात होती. माफी मिळालेला माणूस त्याच दिवशी मोकळा होत होता. भरपाईची समिती फक्त शिफारस करू शकत होती. तिने प्रत्येक पीडित कुटुंबाला वर्षाला साधारण १७ ते २३ हजार रँड, सहा वर्षे, असे सुचवले. ऑक्टोबर १९९८ मध्ये पाच खंडांचा अहवाल आला, तरी सरकार हलले नाही. २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड जाहीर झाले. कायद्याने ज्यांचा दाव्याचा हक्क काढून राज्यावर ओझे टाकले होते, त्यांना सात वर्षे थांबवून तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी रक्कम हातावर ठेवली गेली. क्षमेची भाषा नंतर तरुणांना खोटी वाटू लागली, त्याचे मोठे कारण इथे आहे.

दुसरी चूक तितकीच गंभीर. ज्यांना माफी नाकारली किंवा ज्यांनी ती मागितलीच नाही अशांची सुमारे ३०० प्रकरणे आयोगाने खटल्यासाठी सोपवली. त्यांतली बहुतेक धूळ खात पडली. जी थोडी चालली त्यांत एक विलक्षण आहे. माजी पोलिसमंत्री एड्रियन व्लोक यांनी २००६ मध्ये वर्णभेदविरोधी पाद्री फ्रँक चिकाने यांचे पाय धुतले. १९८९ मध्ये चिकाने यांच्या कपड्यांना विष लावले गेले होते. चिकाने यांनी त्यांना क्षमा केली. तरीही २००७ मध्ये व्लोक यांना न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला आणि दहा वर्षांची स्थगित शिक्षा झाली. मीर आलमच्या वेळचा प्रश्न त्याच देशात पुन्हा उभा राहिला होता.

वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल यांचे कुटुंब मूळ गुजरातचे. १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलिस ठाण्याच्या दहाव्या मजल्यावरून पडून ते मेले, आणि चौकशीत ती आत्महत्या ठरली. कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने ती हत्या असल्याचा निर्णय दिला. आयोगाने सोपवलेले खटले कोणी आणि का दाबले, याच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांना २०२५ मध्ये स्वतंत्र आयोग नेमावा लागला.

काम अजून चालू आहे ते दुसऱ्याच एका विभागात. सुनावण्यांत मातांनी मागितलेल्या गोष्टी साध्या होत्या: मृत्यूचा दाखला, थडग्यावर दगड, मुलाची हाडे. बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी २००५ मध्ये पथक स्थापन झाले आणि अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांनी त्याला शिकवले. फाशी दिलेल्यांच्या बेनामी कबरी आणि गुपचूप पुरलेले मृतदेह हे पथक उकरते, ओळख पटवते, आणि अवशेष घरच्यांच्या हाती देते. मग त्या माणसाचा दफनविधी त्याच्या नावाने होतो.